पिवळ्या हेलिकॉप्टरचे बिल कोण भरत असे?

उत्तर वेल्समध्ये राहायला येऊन मला वीस वर्षे होऊन गेली. येथील एका रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात मी डॉक्टर आहे. सुट्टीत सातारा-पुण्याकडून येणारे आमचे पाहुणे बहुतेक सगळे गडकिल्ले फिरलेले असतात आणि स्नोडोनियाच्या डोंगरांत एक दिवस घालवून परतले, की जेवणाच्या टेबलावर ठरलेला प्रश्न येतो. "पूर्वी प्रिन्स विल्यम इथंच हेलिकॉप्टर चालवायचा ना? पण डोंगरात पाय मोडलेल्या माणसाला आणायला हवाई दल कशाला जायचं? आणि त्याचं बिल कोण भरायचं?" यंदा चुलत सासऱ्यांनी "त्यासाठी विमा काढावा लागतो का गं?" असेही विचारले. जेवताना दोन वाक्यांत दिलेले उत्तर दर वेळी अपुरे राहते, म्हणून आज ते सविस्तर लिहीत आहे.

बिल कोणालाच येत नसे. ते का येत नसे, हे समजायला मात्र 1940 च्या उन्हाळ्यापर्यंत मागे जावे लागते. त्या वर्षी इंग्लंडच्या आकाशात जर्मन विमानांशी लढताना अनेक वैमानिक हवाई छत्रीने इंग्लिश खाडीत सुखरूप उतरत आणि नंतर थंड पाण्यात गारठून किंवा बुडून मरत. पडलेल्या विमानाच्या जागी कारखान्यातून दुसरे येई, पण तयार वैमानिक काही आठवड्यांत घडवता येत नव्हता. जर्मनांकडे समुद्रावर उतरणारी बचावाची विमाने होती. ब्रिटिशांकडे त्या तोडीचे काहीच नव्हते. अखेर 1941 मध्ये हवाई दलाने समुद्री बचावासाठी स्वतंत्र विभाग काढला, त्याला वेगवान मोटरबोटी आणि पाण्यावर उतरणारी वॉलरस विमाने दिली. आमची माणसे समुद्राला मिळू देणार नाही, अशा अर्थाचे त्याचे ब्रीद होते. त्यातली 'आमची माणसे' म्हणजे हवाई दलाची माणसे, ही गोष्ट पुढच्या सगळ्या इतिहासाच्या मुळाशी आहे.

युद्धानंतर हेलिकॉप्टर आले आणि बचावाची रीतच बदलली. 1953 मध्ये लिंटन-ऑन-ऊझ येथे 275 क्रमांकाच्या स्क्वाड्रनला सिकामोर हेलिकॉप्टरे मिळाली. 1955 मध्ये थॉर्नी आयलंड येथे 22 स्क्वाड्रन नव्याने उभी राहिली आणि तिच्याकडे व्हर्लविंड हेलिकॉप्टरे आली. आमच्या डोंगरांवर पुढे अनेक वर्षे घिरट्या घातल्या त्या याच 22 स्क्वाड्रनने, म्हणून तिच्याविषयी थोडे अधिक सांगते. ती मूळची 1915 ची. तिच्या बोधचिन्हावर माल्टीज क्रॉस आणि त्यावर चक्क गणितातला 'पाय' (π) आहे. पहिल्या महायुद्धात एकाच धावपट्टीवरून उडताना 22 ची विमाने 7 क्रमांकाच्या स्क्वाड्रनच्या डोक्यावरून जात, म्हणजे बावीस वर आणि सात खाली, म्हणून 'पाय'! शाळेत 22/7 घोकलेल्या प्रत्येक पाहुण्याला मी हे सांगते आणि ते कोणीही विसरत नाही. दुसऱ्या महायुद्धात तिची ब्यूफोर्ट विमाने जहाजांवर पाणतीर सोडत. 1942 मध्ये ती सिलोनला गेली आणि 1945 मध्ये तिला आपल्याकडे, आंध्रातल्या गन्नावरमला, विसर्जित करण्यात आले. जहाजे बुडवण्यात नाव कमावलेली स्क्वाड्रन दहा वर्षांनी बुडत्यांना वर काढण्यासाठी पुन्हा उभी राहिली.

एका तळावर सगळी स्क्वाड्रन न ठेवता दोन-दोन हेलिकॉप्टरांच्या तुकड्या किनाऱ्यावर विखुरलेल्या असत. अँगलसी बेटावरच्या व्हॅली तळावर लढाऊ वैमानिकांचे प्रशिक्षण चाले, म्हणून तेथे एक तुकडी होती. नियम साधा होता: पहिला हक्क सैनिकी वैमानिकाचा, आणि ते काम नसेल तेव्हा पोलीस किंवा तटरक्षकांनी बोलावले तर नागरिकांसाठीही जायचे. पण विमाने रोज पडत नसत. हवा भरलेल्या गादीवर पहुडलेला पोहणारा मात्र दर उन्हाळ्यात भरकटे, इथल्या ट्रायफन डोंगराच्या खडकात कोणीतरी दर आठवड्याला अडके, आणि मच्छीमाराला बोटीवरच हृदयविकाराचा झटका येई. हवाई दलाच्या दृष्टीने हिशेब असा होता, की पगार चालू आहे, यंत्र उभे आहे, वैमानिकाला सराव तर हवाच. मग वाऱ्यात कड्यापाशी हेलिकॉप्टर एका जागी स्थिर धरण्याचा सराव रिकाम्या कड्यापाशी करण्याऐवजी जिवंत माणसासाठी केलेला काय वाईट? सरावाचे बिल कोणी कोणाला पाठवत नाही.

यंत्रे बदलली तसतसे हे जोडकाम फोफावत गेले. व्हर्लविंडला एकच इंजिन होते. 1976 पासून वेसेक्स आले, त्याला दोन होती, पण रात्रीच्या समुद्रावर तेही तोकडे पडे. काळोख्या पाण्यावर वैमानिकाला नजर ठरवायला काहीच नसते. क्षितिज नाही, दिवा नाही, आणि आपण स्थिर आहोत की मागे सरकत आहोत हे डोळ्यांना कळत नाही. 1978 मध्ये 202 स्क्वाड्रनकडे आलेल्या सी किंगमध्ये रडार होते आणि अंधारातही पाण्यावर ठरावीक उंचीवर आपोआप स्थिरावण्याची सोय होती. व्हॅलीला सी किंग यायला मात्र 1997 उजाडले. दिवसा 15 मिनिटांत आणि रात्री 45 मिनिटांत उड्डाण, चार जणांचा चमू आणि पिवळा धमक रंग, ही सी किंगची ओळख या भागातल्या प्रत्येकाच्या डोक्यात पक्की आहे.

माझ्या आठवणीतही तेच आहे. रुग्णालयात निरोपाचा फोन येण्याआधी अनेकदा खिडक्यांची तावदाने थरथरू लागत, आणि मग केरोसीनचा वास दारातून आत येई. एका फेब्रुवारीच्या संध्याकाळी विंचमन, म्हणजे दोरीने खाली उतरून जखमीला वर आणणारा, आमच्यासमोर उभा राहिला तेव्हा त्याच्या बाह्यांतून पाणी ठिबकत होते. मांडीवर चिकटवलेल्या पांढऱ्या पट्टीवर त्याने जखमीची नाडी, मॉर्फिनची मात्रा आणि ती दिल्याची वेळ लिहिली होती, ती त्याने एका दमात वाचून दाखवली आणि लगेच विचारले, "आमचं स्ट्रेचर परत मिळेल का?" दुसरा कॉल आलेला होता. आम्ही चौघांनी मिळून त्या गिर्यारोहकाला आमच्या ट्रॉलीवर घेतले आणि तो रिकामे स्ट्रेचर काखेत मारून धावत गेला. तो रुग्ण डोंगरावरून थेट दोरीने आलेला नव्हता, हे नंतर कळले. ढग खाली उतरलेले असल्यामुळे हेलिकॉप्टरने स्थानिक बचाव पथकाच्या स्वयंसेवकांना ढगाच्या खालच्या कडेपर्यंत नेऊन सोडले होते आणि पुढची चढण त्यांनी पायी केली होती. सह्याद्रीत दोर घेऊन धावणाऱ्या आपल्याकडच्या मुलांसारखीच ही विनामोबदला काम करणारी माणसे आहेत, आणि त्यांचे श्रेय हेलिकॉप्टरच्या आवाजात नेहमी बुडते.

धोकाही खरा होता. ऑगस्ट 1993 मध्ये याच 22 स्क्वाड्रनचे एक वेसेक्स लानबेरिसजवळच्या पादार्न सरोवरात कोसळले आणि त्यातल्या तीन किशोरवयीन हवाई छात्रांचा मृत्यू झाला. तळ्याकाठी आजही ती गोष्ट लोक आवाज खाली आणून बोलतात.

राजपुत्राचे सांगायचे, तर तो 2010 ते 2013 या काळात व्हॅलीच्या तुकडीत होता. नोव्हेंबर 2011 मध्ये स्वॉनलँड हे मालवाहू जहाज आयरिश समुद्रात वादळात बुडाले. त्यावरच्या आठ रशियन खलाशांपैकी दोघांना व्हॅलीच्या सी किंगने पाण्यातून काढले आणि त्यात तो सहवैमानिक होता. वर्तमानपत्रांनी अर्थातच त्याचाच फोटो छापला. पाहुण्यांना मी एवढेच सांगते, की दोरीच्या टोकाला तो नव्हता.

तोवर या पद्धतीची मुदत भरत आली होती. लढाऊ विमाने कमी झाली, ती पडण्याचे प्रमाणही घटले आणि बहुतेक सगळे कॉल नागरिकांचेच राहिले. 1983 ते 2015 या काळात हवाई दलाच्या या हेलिकॉप्टरांनी 26 हजारांहून अधिक माणसांना मदत केली. त्यांत विमानातून उडी मारलेले अगदी थोडे. सी किंग म्हातारी झाली होती आणि नवी यंत्रे घ्यायची तर संरक्षण खात्याच्या पैशातून का, हा प्रश्न रास्तच होता. 2006 मध्ये खाजगी कंपनीला काम देण्याचे ठरले. पहिली निविदा गैरप्रकार उघडकीस आल्यामुळे 2011 मध्ये रद्द झाली. 2013 मध्ये ब्रिस्टो कंपनीला दहा वर्षांसाठी 1.6 अब्ज पौंडांचे कंत्राट मिळाले. जुलै 2015 मध्ये व्हॅलीचे काम कायरनार्व्हनच्या विमानतळावर गेले आणि 4 ऑक्टोबर 2015 रोजी डेव्हनमधील चिव्हनॉर तळावर हवाई दलाने ब्रिटनमधली आपली शेवटची बचाव पाळी संपवली. 22 स्क्वाड्रन पुन्हा एकदा विसर्जित झाली. 2020 मध्ये ती बेन्सन तळावर नव्याने उभी राहिली, पण आता तिचे काम हेलिकॉप्टरांच्या चाचण्यांचे आहे.

तेव्हा मीही निषेधाच्या अर्जावर सही केली होती. नंतर लाल-पांढऱ्या हेलिकॉप्टरमधून उतरणारे चेहरे बरेचसे जुनेच निघाले, कारण हवाई दल सोडून अनेक जण नव्या नोकरीत रुजू झाले होते. यंत्र अधिक वेगवान होते आणि आतमध्ये रुग्णाला हाताळायला जागाही चांगली होती. माझा विरोध मी मनातल्या मनात मागे घेतला. तरी मला वाटते, की मुख्य काम कोणते आणि जोडकाम कोणते हे कागदावर कबूल करायला सरकारने फार उशीर केला, आणि त्यापायी सी किंगना दहाएक वर्षे जास्त राबावे लागले.

वाचवलेल्या माणसाला बिल आजही येत नाही. चुलत सासऱ्यांना मात्र मी विमा काढायलाच सांगितले आहे. हेलिकॉप्टर फुकट आहे, आमच्या विभागातले पहिले उपचारही फुकट आहेत. पण तिथून पुढे वॉर्डात दाखल व्हावे लागले, तर परदेशातून आलेल्या पाहुण्याला पैसे पडतात.