दुखत नसताना टोचून घेतलेल्या सुया

"दुखत काहीच नाही, मग सुया कशाला टोचून घेतोस?" आईनं फोनवर विचारलं. जर्मनीत शिकताना मी ॲक्युपंक्चरच्या एका प्रयोगात नाव दिलं होतं आणि तिथे धडधाकट माणसंच हवी होती. जुनं दुखणं आपसूकही कमी-जास्त होत असतं, सुईचा गुण कळणार कसा? म्हणून वेदना तिथेच, मोजूनमापून द्यायची.

ती द्यायची बर्फाच्या पाण्यानं. दुखायला लागलं की सांगायचं, सोसवेना झालं की हात काढायचा. सुरुवातीला नुसतं गार लागतं. मग हाडाच्या आतून कळ येते, नखं कुणी ओढतंय अशी. मी ४१ सेकंद टिकलो.

नंतर दुसऱ्या हाताच्या अंगठा आणि तर्जनीमधल्या मांसल भागात, 'हेगू' बिंदूवर, चिकटपट्टीनं बसवलेल्या कड्यातून सुई घातली. डॉक्टरबाईंनी ती हलकेच फिरवली तसा एक जड, बोथट ठणका मनगटाकडे चढला. चिनी वैद्य त्याला 'दे-ची' म्हणतात. अर्ध्या तासानं पुन्हा पाणी. ५८ सेकंद.

आठवड्यानं दुसरी खेप. सुरुवातीला पुन्हा ४१च्या आसपास. तेच कडं, तीच पट्टी, टोचल्याचंही जाणवलं, ठणका मात्र नाही. तरी ५५ सेकंद.

प्रयोग संपल्यावर कळलं, दुसऱ्या वेळची सुई कातडीत शिरलीच नव्हती! टोक बोथट, दाबली की स्वतःच्याच दांड्यात सरकणारी. अशी सुई हायडेलबर्गच्या डॉक्टर श्ट्राइटबेर्गर यांनी १९९८ साली मांडली. फसवणूक नव्हे, खोटी सुई मिळू शकते हे संमतिपत्रात होतंच.

हात पाण्याला सरावलाही असेल. पण ती कळ खरंच कमी होती, हे मी आजही छातीठोक सांगेन. १९७७ साली अमेरिकेत निरोगी माणसांच्या दातांत वेदना निर्माण करून सुया लावल्या होत्या. त्यांचा गुण नॅलोक्सोन, म्हणजे अफूचा परिणाम रोखणारं औषध, दिल्यावर ओसरला, म्हणजे शरीराची स्वतःची अफूसारखी द्रव्यं कामाला लागली होती. पुढच्याच वर्षी दाढ काढलेल्या रुग्णांत, नुसत्या विश्वासानं मिळालेल्या आरामाबाबतही तसंच दिसलं. हे वाचल्यावर खोट्या सुईचे ५५ सेकंद मला खोटे वाटेनात.

आईचा गुडघा मात्र खरोखर दुखतो. तिला सांगितलंय, आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखव. सुया घ्यायच्याच असतील तर नोंदणी विचार, महाराष्ट्रात त्यासाठी २०१५चा कायदा आहे. आणि सुयांचं पाकीट तुझ्यासमोर फोडायला लाव.