तीन जानेवारीची वाकळ

डिसेंबर संपत आला की आमच्या गावात घरोघरी वाकळीसाठी, म्हणजे गोधडीसाठी, जुनी लुगडी बाहेर निघायची. माण तालुक्यातलं गाव, पाऊस नावापुरता, थंडी मात्र हाडात शिरणारी. महिला मंडळाचा मेळावा दरवर्षी ३ जानेवारीला, शाळेच्या पटांगणात, लिंबाखाली भरायचा. सावित्रीबाईंचा जन्म १८३१ साली ह्याच तारखेचा, आपल्याच जिल्ह्यातल्या नायगावचा. त्यामुळे बायका फोटोला हार घालायच्या त्या माहेरवाशिणीची ओटी भरावी तशा, हळद-कुंकू लावून, दोन क्षण थांबून.

जेवण मुठीचं असायचं. आधीचा महिनाभर आम्ही पोरी पिशवी घेऊन फिरायचो आणि प्रत्येक घरातून मूठभर ज्वारी नाहीतर बाजरी आणायचो. ही रीत शाळेतल्या बाईंनी घालून दिलेली. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या मुष्टिफंडाबद्दल त्या भरभरून बोलायच्या. १९१९ साली कराडजवळच्या काल्यात रयत शिक्षण संस्था निघाली, पुढे साताऱ्यात बोर्डिंग चाललं, आणि तिथली पोरं उपाशी राहू नयेत म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिनेच काय, मंगळसूत्रही मोडलं. बाई इथवर आल्या की समोरच्या बायकांचे हात आपसूक गळ्याकडे जायचे. मी ते दरवर्षी बघितलंय.

मेळाव्याचा नियम एकच होता. येणारीनं काहीतरी शिकवायचं आणि काहीतरी शिकून जायचं. कुणी ब्लाउजचं कटिंग दाखवायची, कुणी शेळीला झालेला आजार कसा ओळखायचा ते सांगायची, कुणी बाजरीच्या खारोड्यांचं प्रमाण. नुसतं घ्यायला आलेली बाई दुसऱ्या वर्षी येत नाही, असं बाई म्हणायच्या. मला ते तेव्हा कळलं नव्हतं. नानीमुळे कळलं.

नानी आमच्या आळीच्या टोकाला एकटी राहायची. आयुष्यभर दुसऱ्याच्या रानात खुरपलेलं. पहिल्या वर्षी ती पटांगणाच्या कडेला, चपला ठेवल्या होत्या तिथं बसली. बाईंनी विचारलं तर म्हणाली, "मला वं काय येतंय? अंगठेबहाद्दर बाई म्या." बाईंचं लक्ष तिच्या अंगावरच्या वाकळीकडे गेलं. जवळजवळ घातलेला धावदोरा, एका रेषेत, मुंगीची रांग चालावी तसा. "नानी, हे कुणी शिवलं?" त्या वर्षी नानी कडेवरून उठून मध्ये आली ती कायमची.

कडेपासून सुरुवात करायची आणि फेऱ्या घेत मध्याकडे यायचं, हे तिनंच आम्हाला शिकवलं. दोरा ओढू नका, कापड आवळतं, मग पांघरूण टोचतं. शेवटचं ठिगळ लावायच्या आधी त्याखाली भाकरीचा एवढासा तुकडा ठेवायची. "वाकळंचं प्वाट उपाशी ठिवू नये." आणि बदल्यात नववीतली मी तिला सही शिकवत होते. पाटीवर तिचं नाव लिहायचं, तिनं त्यावरून बोट फिरवायचं. पेन्सिल तिच्या हातात खुरप्यासारखी धरली जायची. तीन वर्षं लागली. बचत गटाच्या वहीत पहिली सही केली त्या दिवशी तिनं ती वही घरी न्यायला मागितली, एका रात्रीपुरती.

ह्या सहीचं मोल आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हसवडच्या बायकांनी बँक काढायची ठरवली तेव्हा अंगठे बघून परवाना नाकारला गेला. त्या लिहाय-वाचायला शिकल्या, पुन्हा गेल्या, आणि १९९७ साली माणदेशी महिला बँक उभी राहिली. ती गोष्ट आमच्या मेळाव्यात कुणी ना कुणी सांगायचीच, जणू घरातलं लग्न ठरल्याची हकिकत.

दुपारी जेवणं झाली की बाई सावित्रीबाईंचं पत्र समजावून सांगायच्या. १८५६ साली आजारपणात त्या नायगावला होत्या, तेव्हा जोतीरावांना लिहिलेलं. खालच्या मानलेल्या लोकांना शिकवता म्हणून भाऊ टाकून बोलला, आणि त्यांनी त्याला विचारलं की नागपंचमीला नागाला दूध पाजतोस, मग माणसाचाच विटाळ कसा होतो? पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा पटांगणात सगळ्या आळ्यांच्या बायका बसल्या होत्या, पण आळीआळीनं, वेगवेगळ्या. पुढच्या वर्षांत वाकळीभोवती गोल धरून बसायला लागल्यावर ते हळूहळू मोडलं. कुणी भाषण दिल्यानं नाही. दोराच एका हातातून दुसरीच्या हातात जायचा.

२०१३ च्या दुष्काळात निम्म्या बायका जनावरं घेऊन चारा छावणीवर होत्या. मेळावा रद्द करायची गोष्ट निघाली तेव्हा नानी म्हणाली, आपण तिकडं जाऊ. गेलो. गोठ्याशेजारी सतरंजी टाकून भरला मेळावा, आणि शेणामुताच्या वासात बसून वाकळ पुरी केली.

दरवर्षीची वाकळ शिकायला बाहेर पडणाऱ्या पोरीला मिळायची. मी साताऱ्याला हॉस्टेलवर आले तेव्हा माझी पाळी होती. तिच्यात आईच्या हिरव्या लुगड्याचा तुकडा आहे, बाईंच्या खादीचा आहे, आणि मध्यावर नानीचा टाका. ती अजून माझ्या पलंगावर असते.

परवा मंडळाच्या आक्कांचा फोन आला. यंदा काय शिकवणार, म्हणून विचारत होत्या. मी म्हटलं, मोबाइलवर सातबारा कसा काढायचा ते दाखवते, नावं लागलीत का नाही ते बायकांना स्वतः बघता येईल. त्या म्हणाल्या, "बरं हाय. पर आदल्या दिवशी ये बाई, पिठाचं बघायचंय."