हॉलमधला लाईट आणि चिंगीची शेपटी

माझी फेरेट (मुंगसासारखा दिसणारा छोटा पाळीव प्राणी) चिंगी आता पाच वर्षांची आहे. दीड वर्षापूर्वी तिच्या शेपटीवरचे केस जायला लागले, तेव्हा मी फार मनावर घेतलं नाही कारण ऋतू बदलला की फेरेटचे केस झडतातच. पण ते परत आलेच नाहीत. शेपटी पार गुळगुळीत झाली, त्यावर बारीक काळे ठिपके, मग टक्कल कमरेच्या दोन्ही बाजूंनी अगदी सारखंच वर सरकायला लागलं, आणि सारखी खाजवायची बिचारी. त्यात एक दिवस पोट पुसताना दिसलं की मायांग सुजलंय. तेव्हा मात्र माझ्या पोटात गोळाच आला, कारण तिचं नसबंदीचं ऑपरेशन लहानपणीच झालंय, माजावर यायचा प्रश्नच नव्हता.

सोनोग्राफीत मूत्रपिंडाजवळची, हार्मोन बनवणारी डावी अ‍ॅड्रिनल ग्रंथी मोठी दिसली. डॉक्टर म्हणाल्या, कुत्र्यांना होणाऱ्या कुशिंग आजारासारखं हे नाही, त्यात कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन वाढतं, इथे ते बहुतेक वेळा नॉर्मलच असतं, वाढतात ते सेक्स हार्मोन. आणि मग त्यांनी विचारलं, पिंजरा कुठे ठेवता आणि तिथला लाईट कधी बंद होतो?

पिंजरा हॉलमध्ये. लाईट रात्री बारा-साडेबारापर्यंत, बाराही महिने.

त्यांनी नीट समजावलं. फेरेटचं शरीर उजेडावर ऋतू ओळखतं. अंधारात मेंदूतून मेलाटोनिन नावाचं हार्मोन येतं आणि ते प्रजननाच्या हार्मोनना आवर घालतं, दिवस मोठा झाला की आवर सुटतो. ऑपरेशन झालेल्या फेरेटला अंडाशयं नाहीत, त्यामुळे मेंदूला "पुरे आता" सांगणारं कोणी नाही, मग तो सिग्नल अ‍ॅड्रिनलवरच आदळत राहतो आणि ग्रंथी वाढत जाते. म्हणजे लवकर केलेली नसबंदी हे मोठं कारण, आणि आमचा लाईट त्यात भर घालणारा. चिंगीसाठी आम्ही वर्षभर उन्हाळाच लावून ठेवला होता. ती दिवसातले चौदा-पंधरा तास झोपते म्हणून मला वाटायचं लाईटचा तिला काय त्रास, झोपतेय की छान!

ऑपरेशन न करता आम्ही डेस्लोरेलिन या औषधाचं इम्प्लांट (हळूहळू औषध सोडणारी बारीक कांडी) घेतलं, 4.7 मिलिग्रॅमचं, खांद्यांच्या मधे कातडीखाली बसवतात. ग्रंथीची गाठ त्याने जात नाही, हार्मोन दाबले जातात, आणि परिणाम ओसरला की परत बसवावं लागतं. सुरुवातीला लक्षणं थोडी वाढू शकतात हे आधीच सांगितलं होतं म्हणून बरं, नाहीतर सूज बघून मी परत धावत गेले असते.

पिंजरा आतल्या खोलीत हलवला. बाहेर दिवस मावळला की तिचाही मावळतो. पहिल्यांदा जाड पांघरूण टाकलं तर आत हात घालून बघितल्यावर चक्क गरम लागलं, आणि फेरेटला उकाडा अजिबात सोसत नाही, म्हणून मग पिंजरा तसाच मोकळा ठेवून खिडकीलाच जाड पडदा लावला. राउटरचा निळा दिवासुद्धा पट्टी लावून झाकला. तिच्याशी खेळणं आता पहाटे आणि संध्याकाळी उजेड आहे तोवर, कामावरून आल्यावर घाई होते पण तेवढं मी पाळतेच.

दोन-तीन आठवड्यांत सूज उतरली. केसांना वेळ लागला. दीड महिन्याने शेपटीवरून उलटा हात फिरवला तर बोटांना खरखरीत लागलं, बारीक खुंट उगवले होते, आणि मी तिथेच जमिनीवर बसून रडले.