ब तुकडीचे स्टंप आणि सिमल्याचा तह

१९७१ च्या डिसेंबरात मी नववीत होतो. युद्धाला तोंड फुटले आणि ठाण्यातही रात्रीचे दिवे घालवले जाऊ लागले. नौपाड्यातल्या आमच्या चाळीत खिडक्यांच्या काचांना काळा कागद चिकटवण्याचे काम मुलांकडे आले. आईने मैद्याची खळ करून दिली होती. ती रात्री उंदरांनी खाल्ली आणि सकाळी अर्धे कागद लोंबत होते, एवढीच काय ती आमच्या घराची युद्धातली हानी. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली, सुमारे ९३,००० लोक कैदी झाले आणि शाळेत पेढे वाटले गेले. त्यामुळे पुढच्या जुलैत सिमला कराराची बातमी आली तेव्हा आमचा वर्ग खवळला, यात नवल नव्हते. पश्चिम सीमेवर जिंकलेला सुमारे १३,००० चौरस किलोमीटर मुलूख परत द्यायचा, तर मग लढलो कशाला, असा आमचा रोखठोक सवाल होता. इतिहासाच्या सरांनी तो पूर्ण ऐकून घेतला, उत्तर काही दिले नाही आणि पानिपतचा धडा पुढे चालू केला.

दिवाळीनंतर आमचेच युद्ध पेटले. दहावीच्या अ आणि ब तुकड्यांत मैदानावर एकच धड खेळपट्टी होती. पैजेच्या सामन्यात आम्ही ब तुकडीला हरवले आणि जिंकल्याच्या जोरावर त्यांचे तिन्ही स्टंप उचलून आणले. दुसऱ्या दिवशी खेळपट्टीवर बादल्यांनी पाणी ओतलेले सापडले. प्रकरण सरांकडे गेले. छड्या खाण्याच्या तयारीने आम्ही उभे होतो, पण सरांनी आम्हाला प्रयोगशाळेत समोरासमोर बसवले आणि तह लिहायला सांगितले. अट एकच होती. लिहिलेला कागद दोन्ही बाजूंनी आपापल्या वर्गात वाचून दाखवायचा आणि हात वर करून मंजूर करून घ्यायचा.

मी अ तुकडीचा मॉनिटर. जिंकलेलो होतो, म्हणून सगळेच मागितले: खेळपट्टी आठवड्यातून चार दिवस आमची, स्टंप वार्षिक परीक्षेपर्यंत आमच्याकडे आणि शिवाय लेखी माफी. समोरच्या कॅप्टनने मान खाली घालून सही केली. मी विजयी मुद्रेने वर्गात परतलो. दहा मिनिटांत भिंतीपलीकडून आरडाओरडा ऐकू आला. ब तुकडीने कागद फाडला होता आणि कॅप्टनलाही काढून टाकले होते. सर दारात आले आणि मला म्हणाले, "तू तह केलास तो कोणाशी रे? ज्याच्याशी केलास, तो तर आता कॅप्टनच राहिला नाही."

पुढच्या शनिवारी, शाळा सकाळची असल्याने, सरांनी आम्हा दोन्ही तुकड्यांच्या पाच-सहा जणांना मध्यवर्ती कारागृहाच्या तटाशी नेले. या तुरुंगाला ठाणेकर केवळ तुरुंग म्हणूनच ओळखतात, पण तो मूळचा पोर्तुगीजांचा किल्ला. बांधकाम चालू असतानाच, १७३७ मध्ये, मराठ्यांनी तो घेतला आणि त्याच मोहिमेचा शेवट मे १७३९ मध्ये वसईत झाला. वसईच्या वेढ्यात माणसे अतोनात पडली होती, तरीही शरण आलेल्या शिबंदीला चिमाजीअप्पांनी शस्त्रांसह, वाजतगाजत बाहेर पडू दिले आणि मागे राहणाऱ्यांना त्यांचा धर्म पाळण्याची मुभा दिली. "ज्याला हाकलायचे आहे, त्याला जायला वाट तर ठेवावी लागते," असे सर तटाच्या काळ्या दगडावर हात ठेवून म्हणाल्याचे मला आठवते. आतून पहारेकऱ्याने हटकले म्हणून आम्ही रस्त्याच्या पलीकडे गेलो आणि पुढचा तास तिथेच झाला.

डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी हल्ला करून हा किल्ला जिंकला, हे पाठ्यपुस्तकात होते. त्यानंतर ठाण्याची मालकी कागदावर कशी फिरत राहिली, ते मात्र पाठ्यपुस्तकात नव्हते. १७७५ मध्ये पेशवेपदासाठी आसुसलेल्या राघोबादादांनी सुरतेच्या तहात साष्टी, म्हणजे ठाणे ज्यात येते ते बेट, आणि वसई इंग्रजांना लिहून दिली. पुण्यातल्या कारभाऱ्यांना विचारण्याची त्यांना गरज वाटली नाही. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला इंग्रजांची फौज कोंडली गेली आणि त्यांच्या अधिकाऱ्यांनी १७७३ पासून घेतलेला मुलूख परत करण्याचे मान्य केले. म्हणजे साष्टी आणि तिच्यासोबत ठाणे कागदावर आपल्याला परत मिळाले होते! परंतु सही करणाऱ्यांना तसा अधिकारच नव्हता, असे म्हणून त्यांच्या वरिष्ठांनी तो करार झिडकारला. इथपर्यंत आल्यावर सरांनी माझ्याकडे पाहिले. बोलले काही नाहीत. शेवटी १७८२ मध्ये महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने सालबाईचा तह झाला, त्यात वसई परत आली आणि साष्टी इंग्रजांकडेच राहिली. ठाणे गेले ते गेलेच, पण इंग्रज आणि मराठे यांच्यात त्यानंतर वीसेक वर्षे लढाई झाली नाही. या तहाला कोणी महादजींची मुत्सद्देगिरी म्हणते, कोणी माघार. ठाणेकर म्हणून मला दुसरे म्हणण्याचा मोह होतो.

वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात मी तीस वर्षे कामगार अधिकारी होतो आणि दर तीन वर्षांनी युनियनशी पगारवाढीचे करार करत आलो. त्या टेबलावर बसल्यावर सरांचा तास खऱ्या अर्थाने कळला. युनियनच्या पुढाऱ्याला गेटवर जाऊन सभेत सांगण्याजोगे काही हातात दिले नाही, तर त्याची सही वाळायच्या आत पुढारी बदललेला असतो. युद्धात नेत्याला शत्रूविरुद्ध आपल्या लोकांना उभे करायचे असते आणि ते तुलनेने सोपे असते. तहाच्या वेळी त्याला आपल्याच लोकांसमोर एकट्याने उभे राहावे लागते.

लालबहादूर शास्त्रींचे उदाहरण मला म्हणूनच सर्वांत मोठे वाटते. १ सप्टेंबर १९६५ रोजी छांब भागात पाकिस्तानी रणगाडे घुसले, तेव्हा त्याच दिवशी संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाणांनी हवाई दलाला परवानगी दिली आणि संध्याकाळी विमाने उडाली. १९६२ च्या पराभवानंतर हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावून गेला, असे आपण अभिमानाने म्हणतो. त्या म्हणण्यामागची कसोटी ही होती. ६ सप्टेंबरला भारतीय फौजांनी आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडून लाहोरच्या दिशेने कूच केले. इतका धीट निर्णय घेणारे हेच शास्त्रीजी १० जानेवारी १९६६ रोजी ताश्कंदला, ५ ऑगस्टपूर्वीच्या जागी फौजा मागे घेण्याच्या करारावर सही करतात. त्यात जवानांनी रक्त सांडून घेतलेली हाजीपीरची खिंडही गेली. देशात परतून लोकांसमोर उभे राहण्याची वेळ त्यांच्यावर आलीच नाही, कारण त्याच रात्री त्यांचे निधन झाले. ती सभा कशी झाली असती, याचा विचार माझ्या मनात अनेकदा येऊन जातो.

सिमल्याबद्दल एक गैरसमज आमच्या वर्गाचाही होता आणि आजही पुष्कळांचा आहे, की कैदी तिथेच सोडले. तसे नव्हते. सिमल्यात मुलुखाचा निर्णय झाला. कैद्यांच्या परतीचा करार दिल्लीत ऑगस्ट १९७३ मध्ये झाला आणि ते काम १९७४ मध्ये पुरे झाले. पाकिस्तानचे अध्यक्ष भुट्टो सिमल्याला आले तेव्हा त्यांना सत्तेवर येऊन जेमतेम सहा महिने झाले होते. रिकाम्या हाताने परत गेले असते, तर त्यांचा ब तुकडीचा कॅप्टन झाला असता आणि इंदिराबाईंच्या हाती उरली असती ती एक सही. हा हिशेब मला पटतो. तरीही काश्मीरबाबत त्या वेळी आणखी काही पदरात पाडून घेता आले असते का, हा जुलै १९७२ मधला आमचा प्रश्न माझ्यापुरता मिटलेला नाही. त्या साऱ्या पर्वातला मला निर्विवाद वाटणारा निर्णय वेगळाच आहे आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. शरणागतीनंतर तीन महिन्यांत, मार्च १९७२ मध्ये, भारतीय फौजा बांगलादेशातून परत फिरल्या. जिंकलेल्या देशातून आपणहून, इतक्या लवकर निघणे किती सैन्यांना जमले आहे?

आमचा दुसरा तह डिसेंबरात झाला. माफीचे कलम गेले, खेळपट्टी तीन-तीन दिवस वाटली गेली आणि स्टंप परत करायचे ठरले. हा कागद ब तुकडीत बिनविरोध मंजूर झाला. आमच्याच वर्गात मात्र तो दोन मतांनी कसाबसा तरला आणि पुढचा महिनाभर मला मागच्या बाकांवरून 'ताश्कंद' या नावाने हाका ऐकाव्या लागल्या. स्टंप परत करायला गेलो तेव्हा दोनच निघाले. तिसरा आमच्यातल्याच एकाने घरी कपडे वाळत घालायच्या दोरीला टेकू म्हणून नेला होता, हे गेल्या वर्षीच्या स्नेहमेळाव्यात कळले. ब तुकडीचा तो जुना कॅप्टन माझ्या शेजारीच जेवायला बसला होता.