पाय उचलत नाही

काल जॅमला सोलोच्या तोंडावर मी खाली वाकलो आणि क्लॉनचं, म्हणजे गिटारचा आवाज बदलणाऱ्या माझ्या पेडलचं, पायानं दाबायचं बटण बोटानं दाबलं. गिटार गळ्यात लोंबतेय, पट्टा घसरलाय, पहिले दोन सूर अर्थातच गेले. बेसवाला म्हणाला, "नमस्कार केलास का?" सगळे हसले, मीही हसलो. घरी येईपर्यंत डोक्यात तेच.

ही चौथी वेळ. पहिली कधी, ते पक्कं ठाऊक आहे. एका पोरानं पेडल बघून "काका, विकणार का?" विचारून आकडा सांगितला, त्याच आठवड्यात. चार आकडी, तोही डॉलरमध्ये. मी मूर्खासारखे लगेच रुपये करून बघितले.

बॉस्टनला असताना घेतलं होतं, तीनशेच्या वर डॉलर मोजून. महिनाभर वरणभातावर काढला. (त्या वर्षातलं बाकीचं आज नको.) सोनेरी पेटी, वर अर्धा माणूस अर्धा घोडा. बिल फिनेगन तिकडेच ती हातानं बनवायचा. १९९४पासून पंधराएक वर्षांत साधारण ८ हजार नग, मग बंद. सर्किट कुणी उचलू नये म्हणून आत काळी राळ ओतलेली. लोकांनी ती खरवडून सर्किट उचललंच, आता काही हजार रुपयांत नकला मिळतात. तरी मूळ पेट्यांचे भाव चढतातच आहेत. २०१२मध्ये त्यानं केटीआर नावाचं छोटं पेडल काढलं, त्यावर छापूनच टाकलं की हा जो वेडगळ गाजावाजा चाललाय तो माझा उद्योग नाही. मग कोणाचा रे बाबा? माझा पाय कुणी पळवला?

हिला म्हटलं, वाद्याला पाय लावू नये हे लहानपणापासून अंगात मुरलेलं, आता वयाबरोबर वर आलं असेल. ती नुसती बघत राहिली. बरोबर आहे तिचं. तसं असतं तर वीस वर्षं त्याच्यावर बूट आपटले असते का? एका दसऱ्याला आईनं झेंडूचं फूल वाहून त्याची पूजा केली होती. ट्रेबलच्या नॉबखाली कुंकू अजून आहे. आणि त्याच संध्याकाळी मी ते दणादण तुडवलं होतं. आई काही बोलली नव्हती. असो.

म्हणजे भाव आहे खरा, पण बाजारातला.

नामदेवानं पायरी मागून घेतली ती संतांचे पाय लागावेत म्हणून, आणि आपण पंढरपुरात तिच्यावर डोकं टेकवून ती ओलांडून जातो. पायरीला कुणी विचारलंय? आठ हजारांतल्या किती पेट्या आज काचेच्या कपाटात बसल्या असतील, बुटाची वाट बघत. माझी निदान बोटानं तरी दाबली जाते. हेही काही कमी नाही, असं आज सकाळी चहा पिताना वाटलं आणि मग एकट्यालाच हसू आलं.

तसं हे पेडल बंद असलं तरी आवाज त्याच्या बफरमधून, म्हणजे सिग्नल पुढे ढकलणाऱ्या सर्किटमधून, जातोच. म्हणजे मी पाय दिला काय, न दिला काय, त्याचं काम चालूच. त्यावरून शनिवारच्या कार्यक्रमासाठी तोड सुचली: सुरुवातीलाच चालू करायचं, गेन (आवाज किती फाटेल ते ठरवणारा नॉब) खाली ठेवायचा आणि सोलोला आवाज गिटारवरच्याच नॉबनं वाढवायचा. वाकायचं एकदाच, तेही पडदा उघडायच्या आधी, बेसवाला ट्यूनिंगमध्ये गुंतलेला असताना.