घरी बदललेला पट्टा टिकत का नाही? तुम्ही विचारलंत म्हणून

वरुड-मोर्शी असो की काटोल-नरखेड, संत्र्याच्या बागेत जिथे जिथे मिनी ट्रॅक्टर फिरतो तिथून एकच प्रश्न येतो : "फॅनचा पट्टा घरीच बदलला, तर थोड्याच दिवसांत पुन्हा ओरडायला लागला. पट्टा डुप्लिकेट निघाला का?"

निघाला असेल. बाजारात डुप्लिकेट माल आहेच. पण दर वेळी दुकानदाराच्या माथी खापर फोडून आपण मोकळे होतो आणि पुली तशीच राहते. पट्टा झिजला म्हणून बदलला जातो; तो वेळेआधी का झिजला हे पाहायला बोनेटमध्ये कोणी वाकत नाही.

फॅनचा पट्टा हा व्ही पट्टा असतो. इंजिनाच्या जोरावर तो पंखा, वॉटर बॉडी (म्हणजे पाण्याचा पंप) आणि बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर फिरवतो. तो गाळ्याच्या, म्हणजे पुलीच्या खाचेच्या, दोन्ही बाजूंना घट्ट धरून पुली फिरवतो. गाळ्याचा तळ त्याच्या काहीच कामाचा नसतो. आपल्याकडची काळ्या मातीची धूळ आणि तुरीचं बारीक कुटार पट्ट्यासोबत गाळ्यात फिरत राहतं आणि बाजू खरवडत जातं. गाळा रुंद झाला की कोरा पट्टाही खोल बसतो. म्हणून जुना पट्टा काढल्यावर टॉर्च घेऊन गाळ्याचा तळ पाहा. तळ आरशासारखा चकाकत असेल तर पट्टा तिथे टेकत होता. नवा पट्टा बसवल्यावर त्याची पाठ पुलीच्या काठाबरोबर किंवा किंचित वर यायला हवी. खाली गेली तर पुली बदला. न बदलता पट्टाच आणखी ताणला, तर ओरडणं काही दिवस थांबतं आणि नंतर वॉटर बॉडीचं बेअरिंग जातं.

दुसरं कारण खरेदीतलं. सुतळीने जुन्या पट्ट्याचा घेर मोजून नेऊ नका. जुना पट्टा ताणलेला असतो. पाठीवरचा नंबर वाचा, पुसला असेल तर पार्ट्सच्या पुस्तकातून काढा. 'ए ३६' म्हणजे वरची रुंदी १३ मिमी आणि आतला घेर ३६ इंच. 'एव्ही १०×८२५' म्हणजे रुंदी १० मिमी आणि बाहेरचा घेर ८२५ मिमी. एकात इंच आणि आतलं माप, दुसऱ्यात मिमी आणि बाहेरचं. लांबी जुळली म्हणून १३ च्या गाळ्यात १० चा पट्टा घातला, तर तो पहिल्या दिवसापासून तळाला बसणार. असे पट्टे 'डुप्लिकेट' म्हणून दुकानात परत जातात.

बदलायची रीत बहुतेकांना ठाऊक आहे, त्यामुळे जिथे चुकतं तेवढंच सांगतो. इंजिन गार हवं, चावी काढलेली हवी, बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडलेलं हवं. अल्टरनेटरचा खालचा बोल्ट आणि वरच्या ताणपट्टीचा बोल्ट, दोन्ही सैल करा. नुसता वरचा सैल करून अल्टरनेटर ढकलला की खालचा कान चिरतो. अल्टरनेटर पूर्ण आत गेला की पट्टा एकेका पात्यावरून फिरवत हाताने निघतो आणि नवा तसाच हाताने चढतो. स्क्रू ड्रायव्हरने उचकटून चढवू नका. पट्ट्याच्या आत दोऱ्यांचा थर असतो आणि सगळा ताण तोच घेतो. उचकटताना त्यातले दोरे तुटतात, वरून काही दिसत नाही आणि पट्टा पुढे तिथेच तुटतो. पट्टा नसतानाच पंख्याची टोकं धरून मागेपुढे हलवा. खडखड जाणवली किंवा वॉटर बॉडीखालच्या बारीक भोकाजवळ कूलंटचा ओघळ वाळलेला दिसला, तर आधी वॉटर बॉडी. मग सरळ पट्टी लावून पुल्या एका रेषेत आहेत का तेही बघा.

"तुटल्यावर बदलू, तोवर चालू दे" असं म्हणणाऱ्यांसाठी आता जरा सविस्तर. समजा, नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) चालू आहे, फवारणीचा ब्लोअर पीटीओवर (अवजार चालवणाऱ्या ट्रॅक्टरमागच्या फिरत्या दांड्यावर), थ्रॉटल वर, कानात नुसता ब्लोअरचा आवाज. पट्टा तुटतो, पण कळत नाही, कारण साध्या मेकॅनिकल पंपाच्या डिझेल इंजिनाला चालत राहायला अल्टरनेटर लागत नाही. ट्रॅक्टर जोरात चालतच राहतो. बदल इतकाच की मीटरवर चार्जिंगचा लाल दिवा लागतो, आणि भर उन्हात तो सहज दिसत नाही. पंखा थांबलेला, वॉटर बॉडी थांबलेली, छोट्या इंजिनात पाणी मुळातच कमी. काही मिनिटांत ते उकळायला लागतं. तापमानाचा काटा लाल भागात गेला तर नशीब. पाणी सेन्सरच्या खाली उतरलं तर सेन्सर वाफेत उघडा पडतो, काटा खाली येऊ शकतो आणि चालवणाऱ्याला वाटतं, इंजिन गार झालं. तोवर हेड (सिलिंडरवरचं जाड झाकण) वाकायच्या बेतात असतं.

अशा वेळी पीटीओ बंद करून इंजिन लगेच बंद करा. तापलेलं इंजिन थोडं आयडलवर ठेवून बंद करावं हा नियम इथे लागू नाही. पाणी फिरतच नसताना आयडल म्हणजे आणखी उष्णता. बांध जवळ आहे, तिथवर नेऊ, असंही करू नका. ट्रॅक्टर ओळीतच राहू द्या. रेडिएटरचं झाकण उघडू नका. आत दाब असतो म्हणून पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण फिरलं की क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं. हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं, कारण फवारणीचं पाणी जवळच असतं आणि हात तिकडेच जातो. ते पाणी इंजिनावरही ओतू नका, रेडिएटरमध्येही नको. तापलेल्या बिडावर गार पाणी पडलं तर तडा जातो. वरच्या नळीवर हात ठेवता येईल इतकं गार झाल्यावरच झाकण उघडा. नंतर नवा पट्टा चढवून इंजिन सुरू केलं आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे येत राहिले, तर हेड गॅस्केट गेलं. ते काम मिस्त्रीचंच. घरी करा असं मी कधीच म्हटलेलं नाही, तरी मिस्त्रीच्या पोटावर पाय देतो असा आरोप होतो. पट्टा बदलणं आणि हेड उतरवणं यातला फरक मला कळतो.

आता ताण. पूर्वी मी 'अंगठ्याने दाबा, अर्धा इंच जायला हवा' एवढंच सांगत असे. पण अंगठा प्रत्येकाचा वेगळा आणि इंजिनही. कुबोटाच्या छोट्या इंजिनांना १० किलोच्या जोराला मधोमध ७ ते ९ मिमी लागतात. दुसऱ्या कंपन्यांत १० ते १२ मिमीही असतात. आपापली पुस्तिका पाहा. १० किलो मोजायला कापूस वेचणीचा लटकता काटा चालतो. पट्ट्याच्या मधोमध कापडाची चिंधी गुंडाळा, तिच्यात काट्याचा हूक अडकवून १० किलोपर्यंत ओढा आणि बाजूला धरलेल्या पट्टीवर सरक बघा. अल्टरनेटर ताणताना लाकडी दांडा पुलीलगतच्या जाड भागावर टेकवा. मागचं झाकण पातळ असतं, फुटतं. आधी वरचा बोल्ट घट्ट करा, ताण बघा, मग खालचा.

तरीही वावरात, काटा हाताशी नसताना, अंगठा वाईट नाही असं मला अजून वाटतं. मोजमाप करायचा कंटाळा म्हणून पट्टा सैलच ठेवण्यापेक्षा ते बरं. यावर माझं स्वतःशीच एकमत नाही.

मात्र एका गोष्टीवर वाद नको. नवा पट्टा पहिल्या काही तासांत गाळ्यात बसतो आणि सैल पडतो. बदलला त्या दिवशी काम संपल्यावर, इंजिन गार झालं की, ताण पुन्हा बघा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा. 'घरी बदललेला टिकत नाही' या तक्रारीत निम्म्याहून जास्त वेळा हीच तपासणी राहिलेली असते, असं माझं मत. सैल पट्टा घसरतो, घसरून तापतो, तापून बाजू काचेसारख्या गुळगुळीत होतात, आणि मग ताणूनही उपयोग नसतो. पट्ट्यावर साबण, ग्रीस, डांबर काहीही लावू नका. आवाज जातो, घसरणं जात नाही.

दाती (आतल्या बाजूला दाते असलेला) पट्टा घ्यावा की साधा, हेही विचारता. लहान पुलीवर दाती पट्टा सहज वळतो आणि कमी तापतो, म्हणून मी दातीकडे झुकतो. पण कुटाराचे तुकडे दातांत अडकतात ही तक्रारही खोटी नाही. मळणीच्या हंगामात बोनेट उघडून तो रोज फडक्याने पुसणार असाल तर दाती घ्या.