दोन काटे एकदम चुकत असतील तर मीटरला हात लावू नका

ट्रायम्फ टीआर६ या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारमध्ये टाकी अर्धी असताना पेट्रोलचा काटा 'फुल'च्या पलीकडे जाऊन बसतो, आणि इंजिन गार असूनही पाण्याच्या तापमानाचा काटा गरम बाजूला झुकतो. बहुतेक जण लगेच ब्रिटनमधून नवे मीटर मागवायला निघतात. माझं स्पष्ट मत आहे, की दोन्ही काटे एकाच दिशेने चुकत असतील तर मीटर जवळपास नेहमी ठणठणीत असतात. दोष असतो डॅशबोर्डमागच्या काड्यापेटीएवढ्या पत्र्याच्या डबीत. तिचं नाव व्होल्टेज स्टॅबिलायझर.

टीआर६ कॉव्हेंट्रीत १९६८ ते १९७६ या काळात बनली आणि तिचे मीटर स्मिथ्स या ब्रिटिश कंपनीचे. पेट्रोल आणि तापमान हे दोन मीटर तापणाऱ्या पट्टीवर चालतात. आत द्विधातू पट्टी, म्हणजे तापल्यावर कमी-जास्त प्रसरण पावणाऱ्या दोन धातूंची जोडपट्टी असते, आणि तिच्याभोवती बारीक तार गुंडाळलेली असते. तारेतून करंट गेला की पट्टी तापून वाकते आणि काटा ढकलते. म्हणून इग्निशन दिल्यावर काटा सावकाश चढतो, अर्धा-एक मिनिट घेतो. तो दोष नाही, ती त्याची चालच आहे. ज्या जुन्या गाड्यांत काटा टुणकन उडी मारतो, त्यांचे मीटर वेगळ्या जातीचे असतात आणि त्यांना ही डबी लागतच नाही.

आता अडचण अशी, की इंजिन बंद असताना बॅटरी १२.२ व्होल्ट देते आणि अल्टरनेटर चालू झाला की १४.२. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे त्याच पेट्रोलवर पट्टी सुमारे ३५ टक्के जास्त तापेल. हे टाळायला स्टॅबिलायझर दोन्ही मीटरना सरासरी १० व्होल्ट देतो. तोही द्विधातू पट्टीवरच चालतो. पट्टी तापली की संपर्क तुटतो, थंडावली की पुन्हा जुळतो. मीटर मुळात संथ असल्यामुळे ही उघडझाप काट्यावर दिसत नाही.

सगळा खेळ डबीच्या अर्थिंगवर आहे. आतल्या हीटरचा, म्हणजे पट्टी तापवणाऱ्या तारेचा, करंट डबीच्या पत्र्यातून बॉडीला जातो. स्क्रूखाली गंज किंवा रंग आला की हीटर तापत नाही, संपर्क तुटत नाही, आणि मीटरना अखंड १२ ते १४ व्होल्ट मिळत राहतात. दोन्ही काटे वर. उलट, संपर्क जळून उघडाच राहिला तर दोन्ही काटे तळाशी. त्या वेळी इंडिकेटर आणि ब्रेकलाइटही बंद असतील तर आधी हिरव्या वायरींचा फ्यूज बघा, कारण या सगळ्यांची लाइन एकच आहे.

काम सुरू करण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह काढा. यात हयगय नको. सुरुवातीच्या टीआर६ मध्ये अँपिअर मीटर आहे, आणि त्याला येणाऱ्या जाड तपकिरी वायरींवर फ्यूज नाही. तिथे पाना टेकला तर हार्नेस, म्हणजे वायरींचा अख्खा जुडगा, पेटू शकतो.

डबीवर दोन खुणा असतात. 'बी'वर हिरवी वायर म्हणजे इग्निशनचा पुरवठा, 'आय'वर फिकट हिरवी म्हणजे मीटरकडे जाणारी. तपासणी अशी. बॅटरी सुटलेली असतानाच मल्टिमीटरने डबीचा पत्रा आणि बॅटरीची निगेटिव्ह केबल यांतला रोध मोजा. एका ओहमपेक्षा कमी हवा. मग बॅटरी जोडून इग्निशन द्या आणि 'आय'वर व्होल्टेज बघा. डिजिटल मीटरवर १० हा आकडा स्थिर दिसणार नाही, तो ० आणि १२ मध्ये उड्या मारेल. त्यासाठी काट्याचा जुना मल्टिमीटर किंवा टेस्ट लॅम्प बरा. लॅम्प सुरुवातीचे काही सेकंद सलग पेटून मग लुकलुकायला लागला तर डबी चालू आहे. सलग पेटलेलाच राहिला तर आधी स्क्रूखालचा पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत करून पुन्हा बघा. कितीतरी वेळा दुरुस्ती इथेच संपते.

डबी खरंच गेली असेल तर तयार इलेक्ट्रॉनिक बदली मिळते, पण ती घरी करणं अवघड नाही. पुण्याच्या बुधवार पेठेत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ७८१० हा १० व्होल्टचा रेग्युलेटर, म्हणजे व्होल्टेज स्थिर ठेवणारी तीन पायांची चिप, सहज मिळतो. तो १ अँपचा असतो, आणि दोन्ही मीटर मिळून पाव अँपच्या आसपास खातात. छापील बाजू समोर, पाय खाली धरले तर डावीकडून क्रम इनपुट, अर्थ, आउटपुट. इनपुट ते अर्थ ०.३३ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, आउटपुट ते अर्थ ०.१ चा. मला मात्र एलएम२९४० चा १० व्होल्टचा प्रकार जास्त पटतो. ७८१० ला इनपुट दोनेक व्होल्ट जास्त लागतो, म्हणून बॅटरी जरा उतरली की काटे खाली येतात. एलएम२९४० ला अर्धा-एक व्होल्ट पुरतो, शिवाय उलटी बॅटरी आणि अल्टरनेटरचे झटके तो सोसतो. त्याच्या आउटपुटला मात्र २२ मायक्रोफॅरडचा टँटलम किंवा साधा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर लागतोच. सिरॅमिक लावला तर रेग्युलेटर अस्थिर होतो. जुन्या डबीच्या कडा उलगडून आतली पट्टी काढा, रेग्युलेटरची धातूची पाठ डबीला बोल्टने घट्ट बसवा आणि कडा पुन्हा मिटा. बाहेरून गाडी मूळ रूपात राहते. टीआर६ निगेटिव्ह अर्थ आहे, म्हणजे बॅटरीची निगेटिव्ह बॉडीला जोडलेली आहे, म्हणून हे जमतं. पॉझिटिव्ह अर्थच्या जुन्या गाडीत ही जोडणी चालणार नाही.

एकच काटा चुकत असेल तर तपास वेगळा. सेंडर म्हणजे टाकीत किंवा इंजिनावर बसणारा, पातळी किंवा तापमानाप्रमाणे रोध बदलणारा भाग. पेट्रोलच्या सेंडरची वायर हिरवी-काळी, तापमानाची हिरवी-निळी. सेंडर सोडवून त्या वायरीला १ वॅटचे रोध लावून अर्थ करा. पेट्रोलच्या मीटरवर साधारण २० ओहमला 'फुल', ६८ ला अर्धा, २५० ते २७० ला रिकामा दाखवायला हवा. वायर थेट बॉडीला टेकवून ठेवण्याची सवय वाईट, त्यात पट्टी गरजेपेक्षा जास्त तापते. रोध लावून काटा बरोबर आला तर दोष सेंडरमध्ये. टाकीतल्या सेंडरवर रोधतारेचा मधला भाग घासला असेल, तर काटा अर्ध्याच्या आसपास चुकीचा दाखवतो. सेंडरचा फ्लोट, म्हणजे पेट्रोलवर तरंगणारा पोकळ डबा, हलवून बघा, आत पेट्रोल खळखळलं तर तो बुडतोय. सेंडर काढताना ठिणगी उडू नये म्हणून पितळी सळईनेच ठोका. परत बसवताना जुना बुचाचा वॉशर वापरू नका, इथेनॉलमिश्रित पेट्रोलला टिकणारा व्हायटन रबराचा घ्या.

तापमानाच्या सेंडरबाबत एक चूक फार दिसते. गळती नको म्हणून आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळतात. सेंडरला अर्थ आट्यांतूनच मिळतो. टेपमुळे तो कमकुवत झाला की काटा खोटाच थंड दाखवतो, आणि इंजिन तापतंय हे कळत नाही. नवा सेंडर लावूनही काटा नेहमी वर राहत असेल तर थर्मोस्टॅटच्या घरावर इन्फ्रारेड थर्मामीटर धरा. तिथे ८२ ते ८८ अंश असेल तर इंजिन ठीक आहे, सेंडर जुळत नाही.

काटा तरीही थोडा वर-खाली राहिला तर मीटर बाहेर काढायची वेळ आली. मागचा यू आकाराचा पट्टा आणि हाताने फिरणारी नट सैल केली की मीटर पुढे येतो. डॅशबोर्ड लाकडाचा असल्याने दिव्यांचा अर्थ काळ्या वायरींनी येतो, त्या कुठे होत्या याचा फोटो काढून ठेवा. मीटरच्या पाठीवर बुचाच्या दोन टिकल्या दिसतील. त्या सुईने उचला, आत खाचा असलेले दोन समायोजक आहेत. एक काट्याची सुरुवात सरकवतो, दुसरा त्याचा पल्ला. पेट्रोलच्या मीटरला २६० ओहम आणि २० ओहम आळीपाळीने लावत, प्रत्येक वेळी दोन मिनिटं थांबून, दोन्ही टोकं जुळवा. काटा बोटाने कधीही ओढू नका. मीटर हातात आहेच तर २.२ वॅटचा दिवाही बदला.

शेजारच्या ऑइल प्रेशर मीटरला वायर नाही, त्याला इंजिनातून तेलाची बारीक नळी येते. हात पोचायला ती सोडलीत तर नटाच्या आत चामड्याचा छोटा वॉशर असतो, तो खाली पडून हरवतो. तो बसवल्याशिवाय इंजिन चालू केलं तर गरम तेल थेट गालिच्यावर.